रविवारची भाजी बुधवारी कचऱ्यात

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. नाव अर्थातच देत नाही. घरात नवरा-बायको, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. दोघांचीही नोकरी हिंजवडीला, त्यामुळे दिवसाचे तीन तास रस्त्यातच जातात. म्हणून दर रविवारी सकाळी मंडईत जाऊन आठवड्याची भाजी आणायची आणि दुपारभर बसून ती धुऊन, चिरून, डब्यांत भरून फ्रिजमध्ये लावायची, असा शिरस्ता त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून सुरू केला. पण बुधवार उजाडला की मेथी चिकट, कोथिंबीर काळी आणि चिरलेल्या भेंडीला बुळबुळीत पाणी. पावसाळा लागल्यापासून तर जवळजवळ निम्मी भाजी ओल्या कचऱ्यात जाते. सासूबाई "आठवड्याची शिळी भाजी मला नको" म्हणून वरणभातावर भागवतात. नवऱ्याचं म्हणणं, मोठा फ्रिज घेऊ आणि ते महागडे हवाबंद डबे मागवू. त्या विचारतात, "माझं नियोजन कुठे चुकतंय? की नोकरी करणाऱ्या बाईने ताज्या भाजीचा नादच सोडावा आणि दहा मिनिटांत घरपोच येते ती रोज मागवावी?"

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

नियोजन तुमचं चोख आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. गडबड अशी आहे की तुम्ही बारा प्रकारच्या भाज्या आणता आणि सगळ्यांना एकच वागणूक देता: धुवा, चिरा, डब्यात घाला, थंड करा. खुडलेली भाजी लगेच मरत नाही. ती श्वास घेत राहते, अंगातलं पाणी सोडत राहते, आणि प्रत्येकीचा वेग निराळा असतो. मेथी आणि लाल भोपळा यांना एकाच रविवारी एकाच रांगेत बसवलं तर मेथीवर अन्याय होणारच.

आधी पाण्याचं बोलू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. धुतलेली पालेभाजी कितीही निथळली तरी पानांच्या बेचक्यात थेंब राहतोच. त्यावर झाकण बसलं की आत दमटपणा कोंडतो आणि पान कुजायला सुरुवात होते. या दिवसांत तर जुडी शेतातच पावसात भिजलेली असते, त्यात भाजीवाल्या मावशी वरून पाणी शिंपडतात ते वेगळंच. तेव्हा रविवारी पालेभाजी धुवायची नाही, कोरडी करायची. घरी आलात की चहा टाकायच्याही आधी जुडीचा बंद सोडा. घट्ट बांधलेल्या जुडीच्या मधोमध बोट घालून बघा, कितीदा तरी आतून कोमट लागते. सडायला सुरुवात होते ती तिथूनच. जमिनीवर पंचा अंथरून त्यावर काड्या मोकळ्या पसरा, वरून पंखा लावा. वरचं पाणी उडेपर्यंतच ठेवायचं, पानं मलूल होईपर्यंत नाही. पिवळं पडलेलं, काळं, चिकट झालेलं प्रत्येक पान काढून टाका. एक सडकं पान शेजारच्या दहांना घेऊन जातं.

मग मेथी निवडून, कोथिंबीर मात्र काड्यांसकट, कोरड्या सुती कापडात सैलसर गुंडाळून डब्यात किंवा पिशवीत ठेवा आणि खालच्या भाजीच्या कप्प्यात सारा. कोथिंबिरीच्या मुळांना चिखल असेल तर मुळं कापून टाका. दोन दिवसांनी कापड हाताला ओलं लागलं तर बदला. मांजरपाटाचे हातभर तुकडे, नाहीतर जुन्या सुती ओढण्या, घरात असतंच काहीतरी. अशी ठेवलेली कोथिंबीर आठवडाभर सहज चालते, मेथी तीन-चार दिवस, पालक मात्र दोन-तीनच. कापडाऐवजी वर्तमानपत्र वापरायची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोडलेली बरी. छपाईच्या शाईतली रसायनं अन्नाला लागू नयेत म्हणून वर्तमानपत्राचा कागद अन्नासाठी वापरू नका, असं केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एकदा नव्हे, अनेकदा बजावलं आहे.

भाजी धुवायची ती करण्याच्या आधी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं सोडा, हाताने हलवा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे माती तळाशी बसते. आता पानं दोन्ही हातांनी वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीत उपडं करू नका, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा त्याच पानांवर ओतली जाते आणि मग जेवताना कचकच लागली की दोष भाजीवालीला. असं दोन-तीन पाण्यांतून काढा. फ्लॉवरचे तुरे शिजवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात टाकले की अळ्या सुटून येतात.

आणि टाकून देण्याआधी एक बघत जा. मान टाकलेली भाजी आणि सडलेली भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती मलूल झालेली कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांच्यातलं फक्त पाणी कमी झालेलं असतं. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, बरीचशी पुन्हा ताठ होतात. चिकट तार सुटली, वास आला, बुरशी दिसली तर मात्र दयामाया नको. तुमच्या कचऱ्यातला काही भाग बिचारा फक्त तहानलेला असावा असा मला संशय आहे.

दुसरा प्रश्न तुमच्या रविवार दुपारचा. सगळं चिरून ठेवलं की आठवडा सोपा होतो, हे व्हिडिओत दिसतं छान. त्या व्हिडिओत बुधवार दाखवत नाहीत! सुरी लागली की भाजीच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो, वारा लागून कडा काळ्या पडतात आणि क जीवनसत्त्वही झपाट्याने कमी होतं. शिवाय जरा घड्याळ लावून बघा, सकाळी तुमचा वेळ कशात जातो? पाव किलो भेंडी चिरायला फार तर दहा मिनिटं लागतात. वेळ खातं ते निवडणं, सोलणं, शिरा काढणं. तेव्हा रविवारी ही कामं उरका आणि चिरणं त्या-त्या दिवशी ठेवा. गवारीच्या आणि घेवड्याच्या शिरा काढून ठेवा, लसूण सोला, मेथी निवडा, मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या डब्यात कापड घालून ठेवा. देठापाशी ओल धरते आणि मिरची तिथूनच सडू लागते, म्हणून बिनदेठाच्या मिरच्या दोन-दोन आठवडे टिकतात. गाजर आणि मुळ्याचा पाला आणल्या दिवशीच कापून वेगळा करा, नाहीतर तो पाला खालच्या कंदातलं पाणी ओढत राहतो. मुळ्याच्या पाल्याची त्याच रात्री पीठ पेरून भाजी होते.

चिरून ठेवायचंच असेल तर कोबी, फरसबी, गाजर, लाल भोपळा चालतील, तेही दोन दिवसांच्या बेताने, कोरडे आणि झाकून. भेंडी, वांगी, बटाटा आणि टोमॅटो चिरून ठेवू नका. चिरलेला कांदा तर अख्ख्या फ्रिजला वास लावतो आणि मग दुधाच्या चहालाही.

हे लिहिताना एक शंका. "दुपारभर बसून" असं तुम्ही लिहिलंत, पण कोण बसतं ते लिहिलं नाहीत. मोठा फ्रिज घेण्याची सूचना ज्यांच्याकडून आली त्यांना गवारीच्या शिरा काढता येतात का? क्रिकेट बघता बघता अर्धा किलो गवार सहज होते. "नोकरी करणाऱ्या बाईने" हे शब्द तुम्ही वापरलेत म्हणून विचारते. घरात नोकरी दोघं करता, भाजी चौघं खाता.

तिसरी समजूत अशी की फ्रिजमध्ये गेलं ते टिकलं. बऱ्याच भाज्यांना फ्रिजचा गारठा बाधतो. बटाटा गारठला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, मग काचऱ्या गोडसर लागतात आणि कढईत करपट रंगावर जातात. बटाट्याला अंधारी, हवेशीर जागा हवी. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्या हिरव्या भागात विषारी द्रव्य तयार होतं. जरासं असेल तर खोलवर कापून टाका, जास्त हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा टाका. कांदा-बटाटा एका टोपलीत ठेवायची सवयही मोडा, बटाट्याच्या ओलीने कांदे मऊ पडतात. कांद्याला हवा हवी, खालूनसुद्धा. आपल्याकडची कांदाचाळ याच हिशेबाने जमिनीपासून उचलून बांधतात. घरात जाळीची टोपली किंवा टांगलेली जाळी पुरते. आणि पाच किलो कांदा भरताना विचारून घ्या: गरवा आहे की हळवा? उन्हाळ्यात निघालेला गरवा कांदा महिनोन्‌महिने राहतो. हळवा दिसायला लालभडक आणि देखणा, पण साठवणीचा नाही, तो किलो-दोन किलोच घ्यावा.

टोमॅटो कच्चट असतील तर ओट्यावर देठाची बाजू खाली करून ठेवा आणि पिकले की मगच फ्रिजमध्ये. फार गारठ्यात टोमॅटोचं पिकणं थांबतं आणि वासही जातो. भेंडी, वांगी, काकडी यांनाही कडाक्याची थंडी सोसत नाही, काळे डाग पडतात. न धुता, पुसून, कापडात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवलीत तर ठीक. केळी, पेरू, सफरचंद, टोमॅटो, सीताफळ पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने शेजारची फळं पिकतात, पण कोथिंबीर पिवळी पडते आणि गाजर कडवट होतं. म्हणून फळं आणि पालेभाज्या एकाच कप्प्यात कोंबू नका. कच्चा आंबा किंवा चिकू पिकवायचा असेल तेव्हा हाच वायू कामाला येतो, शेजारी एक पिकलं केळं ठेवायचं.

आता खरं काम, म्हणजे आठवड्याचा क्रम. मी तुमच्या जागी असते तर "आज काय खावंसं वाटतंय" हा प्रश्न निदान बुधवारपर्यंत विचारला नसता. जी लवकर जाणार ती आधी पोटात. रविवारी रात्री पालक किंवा शेपू, सोमवारी मेथी, मंगळवारी भेंडी नाहीतर वांगी, बुधवारी दोडका किंवा फ्लॉवर. गुरुवारनंतर गवार, घेवडा, कोबी, दुधी, बीट, आणि सगळ्यात शेवटी भोपळा, जो न कापता ठेवला तर आठवडे काढतो. चिरलेला असेल तर आतला गर आणि बिया काढून फ्रिजमध्ये ठेवा. मधे एक दिवस कडधान्याचा हक्काचा ठेवा. मंगळवारी रात्री मटकी भिजत घाला, बुधवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, गुरुवारी सकाळी मोड तयार. पावसाळी हवेत मोड जास्त वेळ बाहेर ठेवू नका, चिकट होऊन वास मारतो. आणि शुक्रवारी रात्री पिठल्याने कुणाचं काही वाईट झाल्याचं ऐकलेलं नाही.

म्हणजे रविवारी भाज्या किती आणायच्या? सात दिवसांच्या सात नकोत, पाच पुरेत. त्यातल्या पालेभाज्या दोनच. बुधवारी येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून एखादी पालेभाजी आणि लिंबं घ्यायची. लिंबं उघडी ठेवली की दगड होतात. झाकणाच्या बरणीत किंवा बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन आठवडे रस देतात.

सासूबाईंबद्दल. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू. पालेभाजी जितकी ताजी तितकी चवीला आणि सत्त्वालाही चांगली. पण "रोज ताजी भाजी" या रीतीमागे एक सोय होती. मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते आणि गाव पेठांमध्ये मावत होतं. शनिवारातून, नारायणातून पिशवी घेऊन निघालं की अर्ध्या तासात माणूस भाजी घेऊन परत. हिंजवडीहून आठ वाजता घरी पोचणाऱ्या सुनेला ते कसं जमावं? शिवाय पुरंदर, जुन्नर, खेडकडची भाजी रात्रीतून मार्केट यार्डात उतरते, तिथून मंडईत आणि गाड्यांवर जाते. रविवारी तुमच्या हाती येते तेव्हाही ती आदल्या दिवशी खुडलेलीच असते. नीट ठेवलेली तिसऱ्या दिवशीची गवार आणि गाडीवर दिवसभर उन्हात तापलेली "आजची" गवार यांत मी डोळे झाकून पहिली उचलेन.

हे त्यांना वादात पटणार नाही, तिथे शक्ती घालवू नका. त्यांच्या ताटात सुरुवातीला फक्त पालेभाजी रविवार-सोमवारची आणि नंतर त्या दिवशी चिरून केलेली भाजी पडू द्या. डब्यातला चिरलेला ढीग दिसायचा बंद झाला की निम्मी तक्रार तिथेच विरेल, कारण त्यांचा राग त्या डब्यांवर आहे असं मला पत्रावरून वाटतं. त्यांना जमत असेल, हात दुखत नसतील, तर मेथी निवडायला द्या आणि बुधवारची एक भाजी कुठली आणायची ते त्यांना ठरवू द्या. जिने वर्षानुवर्षं मंडईत भाजी पारखून घेतली तिला फ्रिजमधला डबा उघडून "हेच आहे" म्हणणं जरा लागतंच.

दहा मिनिटांत घरपोच येणारी भाजी वाईट नाही. अचानक पाहुणे आले, कोथिंबीर संपली, अशा वेळी जरूर मागवा. पण रोजची भाजी त्यावर नको असं माझं मत. हाताने वांगं दाबून बघता येत नाही, भेंडीचं टोक मोडून कोवळी आहे का ते कळत नाही, आणि एक-एक जुडी मागवताना महिन्याचा हिशेब कुठे जातो ते समजत नाही. तुमच्या भागात शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तो वार बघून घ्या. तो आठवड्याच्या मध्यावर आला तर तुमचं गणित फारच सोपं होईल.

मोठा फ्रिज नको. फ्रिज मोठा झाला की मागच्या अंगाला विसरलेल्या भाजीचा कोपरा तेवढा वाढतो. आधी असलेल्या फ्रिजच्या दाराचं रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर ढिलं आहे, ते बदलायला नव्या फ्रिजच्या मानाने काहीच खर्च येत नाही. आणि फ्रिज ठासून भरू नका, आत गार हवा फिरायला वाट लागते. हवाबंद डब्यांचे पैसेही वाचवा. ओली भाजी महागड्या डब्यातही सडते, कोरडी भाजी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापड घालूनही राहते.

बर्फाचा कप्पा मात्र तुम्ही फुकट घालवताय. खवलेलं ओलं खोबरं लहान-लहान पुड्यांत, धुऊन पूर्ण कोरडा केलेला कढीपत्ता, किसलेलं आलं, आलं-मिरचीचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, हे सगळं तिथे जातं आणि सकाळची घाई खरोखर कमी करतं. थंडीत मटार स्वस्त झाला की पाच-सहा किलो आणून सगळ्यांनी मिळून सोला. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, निथळून कापडावर कोरडे करा आणि पिशव्यांत भरून गोठवा. उकळत्या पाण्याची पायरी गाळू नका, तिच्यामुळेच रंग आणि गोडी पुढे महिनोन्‌महिने टिकते. एक सावधगिरी: सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची युक्ती हल्ली फार फिरते, ती करू नका. तेलाखाली हवा नसते आणि अशा जागी जीवघेणं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, वास किंवा रंग न बदलता. लसूण नुसता सोलून कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आठवडा निघतो. तेलात हवाच असेल तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

येत्या रविवारी एवढंच करा. पाच भाज्या आणा, एकही धुऊ नका, आणि फ्रिजच्या दारावर एक कोरा कागद लावा. जी भाजी टाकावी लागेल तिचं नाव आणि वार त्यावर लिहायचा, घरातल्या कुणीही. तीन-चार आठवड्यांनी ज्या भाजीचं नाव सारखं दिसेल ती रविवारी आणायची बंद करा, बुधवारीच आणा. माझा अंदाज, तो पालक असेल.